नचिकेताची परीक्षा आणि बाजाराचा सापळा

कठोपनिषदातील नचिकेताची कथा आपल्या संस्कार-वर्गांमध्ये आणि युवा शिबिरांमध्ये नेहमी सांगितली जाते. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेला हा कुमार तिसऱ्या वराच्या वेळी मृत्यूनंतरचे रहस्य विचारतो. त्या प्रश्नापासून त्याला परावृत्त करण्यासाठी यम शतायुषी पुत्र-पौत्र, गाई, हत्ती, घोडे, सोने, विस्तीर्ण भूमी, हवे तेवढे आयुष्य आणि रथातून येणाऱ्या अप्सरा असे सारे काही देऊ करतो. नचिकेत ते नम्रपणे नाकारतो. मग यम प्रसन्न होऊन त्याला श्रेय आणि प्रेय यांतील भेद समजावून सांगतो. जे खरोखर कल्याण करते ते श्रेय, जे त्या क्षणी गोड वाटते ते प्रेय.

कथा सांगून झाल्यावर आपण मुलांना म्हणतो, "तुम्हीही नचिकेत व्हा. प्रलोभन समोर आले तरी ढळू नका." हा उपदेश योग्यच आहे. परंतु आज या उपदेशापाशीच थांबून चालणार नाही. दहावीतल्या मुलाच्या दप्तरात आई-वडिलांना पेनासारखी दिसणारी, आंब्याच्या वासाची ई-सिगारेट सापडते, तेव्हा तो मुलगा परीक्षेत नापास झाला असे म्हणावे का? की ती परीक्षा नव्हतीच, सापळा होता? आणि सापळा असेल, तर तो वाटेतून उचलून टाकण्याचे कर्तव्य एकट्या त्या मुलाचे, की आपणा सर्वांचे?

हा प्रश्न वरवर आरोग्याचा किंवा कायद्याचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा प्रश्न आहे.

हे यंत्र नेमके काय आहे?

ई-सिगारेट किंवा वेप हे बॅटरीवर चालणारे छोटे उपकरण असते. त्यात निकोटिन आणि सुगंधी द्रव्ये मिसळलेला द्रव गरम होतो आणि त्याची वाफ ओढली जाते. तंबाखू जळत नाही, धुराचा उग्र वास येत नाही, राख पडत नाही. आजचे हे स्वरूप चीनमधील एक औषधनिर्माता होन लिक यांनी २००३ च्या सुमारास विकसित केले. सिगारेट ओढणाऱ्या माणसाला तिच्यापासून सुटका मिळावी, हा तेव्हाचा उद्देश सांगितला जातो.

परंतु हेच उपकरण पुढे सिगारेट कधीही न ओढलेल्या मुलांच्या हाती गेले. त्याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. साध्या तंबाखूचा पहिला झुरका घशाला लागतो, ठसका येतो, मळमळते. निसर्गाने शरीराच्या दाराशी ठेवलेला हा जणू पहारेकरीच आहे. पुष्कळ मुले पहिल्याच झुरक्यानंतर मागे फिरतात ती या पहारेकऱ्यामुळे. नव्या पिढीच्या ई-सिगारेटमध्ये निकोटिन क्षाररूपात वापरले गेले. त्यामुळे मात्रा जास्त असूनही ते घशाला सौम्य लागते. त्यात आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी, मिठाई अशा चवी आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये अशा चवींची संख्या किमान १६,००० असल्याचे सांगितले. पहारेकऱ्याला झोपवून चोर आत शिरावा, तसा हा प्रकार आहे.

आता ज्याच्या घरात हा चोर शिरतो, त्याचे वय पाहा. मानवी मेंदूचा विकास साधारण पंचविशीपर्यंत चालू असतो. आवेग आवरणे, परिणामांचा विचार करणे, दूरचे हित ओळखणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. सुखाची ओढ निर्माण करणारे भाग मात्र त्याआधीच पूर्ण वेगाने काम करू लागतात. निकोटिन या घडत्या मेंदूवर परिणाम करते. एकाग्रता, शिकणे, मनःस्थिती आणि आवेगांवरील ताबा या सर्वांना त्याची झळ पोहोचते आणि व्यसन लवकर जडते. साधनेच्या भाषेत सांगायचे तर, ज्या विवेकाने प्रलोभन ओळखायचे, तो विवेक घडत असतानाच त्याच्यावर घाला घातला जातो.

सापळा कसा रचला जातो?

या बाजाराची रीत समजण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तेथे २०१५ मध्ये जूल नावाची ई-सिगारेट बाजारात आली. संगणकाला लावायच्या पेन ड्राइव्हसारखी ती दिसत असे, त्यामुळे वर्गातही सहज लपत असे. तिच्या एका कॅप्सूलमधील निकोटिन साधारण एका सिगारेट-पाकिटाइतके असल्याचे कंपनीच सांगत असे. सुरुवातीच्या जाहिरातींत भडक रंग आणि ऐटीत उभी असलेली तरुण मुले-मुली होती. समाजमाध्यमांवर प्रसार झाला, पार्ट्यांमधून नमुने वाटले गेले. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० मध्ये न्यायालयात आरोप केला की, या कंपनीने निकेलोडियन आणि कार्टून नेटवर्क यांसारख्या लहान मुलांच्या संकेतस्थळांवरही जाहिराती दिल्या होत्या. कंपनीच्या प्रतिनिधीने एका शाळेत जाऊन विद्यार्थ्यांना हे उत्पादन पूर्ण सुरक्षित असल्याचे सांगितले, अशी साक्ष २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे झाली.

परिणाम काय झाला? अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांपैकी २०१७ मध्ये ११.७ टक्के मुले ई-सिगारेट ओढत होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.८ टक्के झाले आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के. म्हणजे दोन वर्षांत दुपटीहून अधिक. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तेथील सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्यांनी, सर्जन जनरल यांनी, याला मुलांमधील साथ म्हटले. ट्रुथ इनिशिएटिव्ह या संस्थेच्या पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. जूल वापरणाऱ्या १५ ते २४ वयाच्या मुला-मुलींपैकी ६३ टक्के जणांना त्यात नेहमीच निकोटिन असते हे माहीतच नव्हते.

पुढे खटले झाले. २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्ये व प्रदेशांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची आणि २०२३ मध्ये आणखी सहा राज्ये व राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी ४६ कोटी डॉलरची तडजोड कंपनीला करावी लागली. आपण मुलांना लक्ष्य केले नाही, असेच कंपनी म्हणत राहिली. पण जी मुले त्या तीन-चार वर्षांत व्यसनात अडकली, त्यांची गेलेली वर्षे कोणत्याही तडजोडीने परत येत नाहीत.

परीक्षा आणि सापळा यांतील भेद

आता पुन्हा नचिकेताकडे वळू. यमानेही प्रलोभनच दाखविले होते. मग त्या प्रलोभनात आणि बाजाराच्या प्रलोभनात फरक काय? शांतपणे विचार केला तर तीन फरक स्पष्ट दिसतात.

पहिला फरक हेतूचा. यम आचार्य होता. नचिकेत ढळला असता तर यमाला काहीच मिळणार नव्हते. तो टिकला तेव्हा यमाला आनंद झाला, असा शिष्य मिळावा असे त्याला वाटले. परीक्षकाला विद्यार्थी उत्तीर्ण व्हावासा वाटतो. व्यसनाच्या व्यापाऱ्याचा हिशेब उलटा असतो. मूल जितके ढळेल तितका त्याचा लाभ, आणि जितक्या लहान वयात ढळेल तितकी अधिक वर्षे तो लाभ. चाळिशीत व्यसन लागलेल्या ग्राहकापेक्षा चौदाव्या वर्षी लागलेला ग्राहक त्याला कितीतरी अधिक मोलाचा वाटतो.

दुसरा फरक सत्याचा. यमाने काहीही लपविले नाही. तो जे देत होता ते उघड होते. श्रेय कोणते, प्रेय कोणते, हेही त्यानेच सांगितले. बाजार मात्र विषाला फळाचा वास देतो, यंत्राला पेनाचा आकार देतो, आणि त्याच्या आत काय आहे हे ओढणाऱ्याला कळतही नाही. जिथे किंमत लपविलेली असते, तिथे निवडही खरी नसते.

तिसरा फरक तयारीचा. नचिकेत यमाच्या दारी श्रद्धेने भारलेला आला होता. तीन रात्रींचे तप त्याच्या पाठीशी होते. बाजार मुलाच्या तयारीची वाट पाहत नाही. मूल एकटे असते, मित्रांमध्ये मिसळण्यासाठी धडपडत असते, अभ्यासाच्या ताणाने थकलेले असते, त्याच घडीला तो हातातल्या मोबाइलमधून त्याच्यापर्यंत पोहोचतो.

म्हणून मुलाच्या हातून चूक झाली असे म्हणता येईल, परंतु तो परीक्षेत नापास झाला असे म्हणणे अन्यायाचे आहे. परीक्षा घेणारा कोणी नव्हताच. शिकार करणारा होता.

"प्रत्येकाला निवडीचे स्वातंत्र्य आहे"

कायद्याने बंदी घालण्याविरुद्ध पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा येतो. काय ओढावे, काय ओढू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे, असे म्हटले जाते. स्वातंत्र्य ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. अध्यात्माचे सारे प्रयत्न स्वातंत्र्यासाठीच असतात. पण आपल्या परंपरेने स्वातंत्र्याचा अर्थ मन मानेल तसे वागणे असा कधीच केला नाही. मनाच्या ओढीचा जो गुलाम नाही, तो स्वतंत्र. या दृष्टीने पाहिले तर व्यसन हा स्वातंत्र्याचा वापर नसून स्वातंत्र्याचा शेवट आहे. पहिला झुरका कदाचित इच्छेने घेतला जात असेल, शंभरावा झुरका इच्छेने घेतला जात नाही.

शिवाय येथे प्रश्न मुलांचा आहे. आपण अठरा वर्षांखालील मुलाला मतदान करू देत नाही, करारावर सही करू देत नाही. त्याची बुद्धी कमी आहे म्हणून नव्हे, तर त्याचा निर्णय अजून पिकायचा आहे म्हणून. कोवळ्या रोपाभोवती आपण काटेरी कुंपण घालतो. ते रोपाला कैद करण्यासाठी नसते. खोड घट्ट झाले की कुंपण आपोआप निरुपयोगी होते.

"सिगारेट सोडणाऱ्यांचे काय?"

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. काही प्रौढ माणसांना सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचा उपयोग होतो. कॉक्रेन या नामवंत वैद्यकीय संस्थेच्या आढाव्यातही निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा ई-सिगारेटने सिगारेट सुटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. ब्रिटनने तर २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचे संच देण्याची योजना जाहीर केली. असे असताना सरसकट बंदी योग्य का?

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली ही की, औषध म्हणून एखादी वस्तू उपयोगी पडणे आणि ती मिठाईसारखी विकली जाणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. औषध वैद्याच्या हातून, ठरलेल्या मात्रेत, रोग्याला दिले जाते. त्याची जाहिरात शाळकरी मुलांसाठी केली जात नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून वेपची विक्री केवळ औषधांच्या दुकानांपुरती मर्यादित केली, ती याच विचाराने. प्रौढांना मदत म्हणून वेप देणाऱ्या ब्रिटनलाही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या वेपवर बंदी आणावी लागली. मुलांच्या हाती त्याच जात होत्या, हे त्याचे एक मोठे कारण होते.

दुसरी गोष्ट आपल्या देशाची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक तंबाखू चघळणारे होते. त्यांना वेपचा काय उपयोग? आपल्याकडे हे महागडे यंत्र बिडी ओढणाऱ्या मजुराची सुटका करायला आले नाही. ते महाविद्यालयाच्या आवारात, चहाच्या कट्ट्यावर, खिशात पैसे खुळखुळणाऱ्या मुलांसाठी आले.

पण याच ठिकाणी एक बोचरा प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. ई-सिगारेटवर बंदी, आणि बिडी, सिगारेट, तंबाखू मात्र त्याच टपरीवर उघड विकायला मोकळी? हा विरोधाभास खरा आहे, तो झाकून ठेवू नये. २०१९ च्या सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे दिसले. मात्र घरात एक साप आधीच शिरलेला आहे, म्हणून दुसऱ्यासाठी दार उघडे ठेवा, असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याला दाराशीच अडवायचे आणि पहिल्याला बाहेर काढण्याचे काम सोडायचे नाही, हाच शहाणपणा. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडी विकण्यास मनाई केली, ती याच दिशेची होती. सुटी सिगारेट हीच तर शाळकरी मुलाच्या खिशाला परवडणारी सिगारेट असते.

कायदा काय सांगतो?

भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने केलेला कायदा अमलात आला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. ऑनलाइन विक्रीही त्यात येते. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

या कायद्यातील एक बाब मुद्दाम लक्षात ठेवावी. तो विकणाऱ्याला, आणणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला शिक्षा करतो. केवळ ओढणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. शिकारी आणि शिकार यांतला फरक कायद्याने ओळखला आहे.

याच्या जोडीला आणखी दोन कायदे आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ किंवा मादक द्रव्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. या सर्वांच्या मुळाशी आपल्या राज्यघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. कलम ३९ सांगते की, मुलांना निरोगी रीतीने वाढण्याची संधी मिळावी आणि बालपण व तारुण्य यांचे शोषणापासून रक्षण व्हावे. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते.

तरीही हे उपकरण मिळते, हे उघड सत्य आहे. आरोग्य मंत्रालयाला २०२३ मध्ये पुन्हा जाहीर सूचना काढावी लागली, ई-सिगारेट विकणाऱ्या १५ संकेतस्थळांना नोटिसा द्याव्या लागल्या, आणि नागरिकांना तक्रार करता यावी म्हणून वेगळे पोर्टल सुरू करावे लागले. गुटख्याच्या बाबतीत आपण हेच पाहिले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी मात्र मिळतच राहिली.

मग कायद्याचा उपयोग तरी काय? अमेरिकेचेच पुढचे आकडे याचे उत्तर देतात. तेथे २०१९ च्या अखेरीस विक्रीचे किमान वय २१ झाले, २०२० मध्ये कॅप्सूलमधील फळांच्या चवींवर निर्बंध आले, खटले आणि जनजागृती चालू राहिली. २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेलेले नववी ते बारावीच्या मुलांचे प्रमाण २०२४ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. मधल्या काळात महामारीमुळे शाळा बंद होत्या, हेही एक कारण आहे. परंतु धोरण, दबाव आणि जागृती एकत्र आली की लाट ओसरू शकते, एवढे यातून नक्की दिसते. त्याच अनुभवाचा दुसरा धडाही आहे. चवींच्या निर्बंधातून एकदा वापरून फेकायच्या वेप सुटल्या, आणि मुले लगेच तिकडे वळली. कुंपणाला एक भोक राहिले तरी शेळी तेच शोधते.

"माणूस सुधारला की समाज सुधारेल"

तिसरा आक्षेप बाहेरून येत नाही, तो आपल्याच मनात असतो. आपण साधक मंडळी म्हणतो, कायद्याने माणूस बदलत नाही, माणूस आतून बदलला पाहिजे. मुलांवर चांगले संस्कार केले तर बाजारात काहीही विकले गेले तरी ती बिघडणार नाहीत.

यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते अधिक जपून तपासले पाहिजे. आतला संयम हाच शेवटचा आधार, हे खरे. पण संयम ही साधना आहे आणि साधनेला काळ लागतो. आपण स्वतः वीस-वीस वर्षे जप, ध्यान, स्वाध्याय करतो, तरी रागावर, जिभेवर पूर्ण ताबा मिळाला असे किती जण छातीवर हात ठेवून म्हणू शकतील? मग चौदा वर्षांच्या मुलाकडून, जगातील हुशार जाहिरातदारांनी कोट्यवधी रुपये खर्चून रचलेल्या मोहापुढे एकट्याने अढळ राहण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर विश्वास दाखविणे नव्हे. ते आपले ओझे त्याच्या खांद्यावर टाकणे आहे.

साधक होऊ इच्छिणाऱ्याला आपण प्रथम काय सांगतो? संगत बदला, स्थान शुद्ध ठेवा, दिनचर्या ठरवा. म्हणजे मनाला बळ येण्याआधी बाहेरचे वातावरण अनुकूल करायला सांगतो. वातावरणाचे हे महत्त्व आपण साधनेत मानतो, तर शाळेच्या रस्त्यावर का मानू नये? सार्वजनिक धोरण हे संपूर्ण समाजाच्या वातावरणाचे शोधनच आहे. ते संस्काराची जागा घेत नाही, संस्काराला रुजण्यासाठी जमीन देते.

आपले कर्तव्य

म्हणून या विषयात प्रत्येक घराने आणि प्रत्येक केंद्राने काही ठोस कामे हाती घ्यावीत.

पहिले काम, पाहणे. आपल्या परिसरातील शाळा-महाविद्यालयांभोवती शंभर यार्डांच्या आत काय विकले जाते, हे चार जणांनी मिळून एकदा चालत जाऊन पाहावे. शाळेने तंबाखूमुक्त क्षेत्राची सीमा दाखविणारी पिवळी रेषा आखली आहे का, ते विचारावे. नसेल तर मुख्याध्यापकांना भेटून रंग आणि ब्रश घेऊन मदतीला उभे राहावे.

दुसरे काम, कळविणे. ई-सिगारेट विकली जात असल्याचे आढळले तर पोलीस ठाण्यात किंवा आरोग्य मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार द्यावी. टपरीवाल्याशी भांडण नको. त्याचेही पोट त्या टपरीवर आहे. त्याला आधी कायदा समजावून सांगावा, न ऐकल्यास मग तक्रार. भिऊन गप्प बसणे याला सहनशीलता म्हणत नाहीत.

तिसरे काम, मागणे. लोकप्रतिनिधी आपल्या कार्यक्रमांना येतात, त्यांचा सत्कार होतो. त्या वेळी एक निवेदनही हाती द्यावे. ऑनलाइन विक्री आणि पार्सलने होणारी घरपोच पाठवणी यांवर कारवाई व्हावी, वेलचीच्या नावाखाली गुटखा-पानमसाल्याच्या नाममुद्रा मिरविणाऱ्या जाहिराती थांबाव्यात, शाळांमध्ये समुपदेशक मिळावेत, अशा मागण्या नेमक्या शब्दांत मांडाव्यात.

चौथे काम सर्वांत नाजूक आहे. मूल सापडले तर काय करावे? त्याला गुन्हेगार ठरवू नये. मारहाण, नातेवाइकांसमोर पाणउतारा, शाळेतून काढून टाकणे, यांनी व्यसन सुटत नाही. मूल फक्त अधिक लपवायला शिकते. त्याच्याजवळ बसावे, कोणी दिले, कधीपासून, न ओढल्यास काय होते, हे विचारावे. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे ही निकोटिन तुटल्याची लक्षणे असतात, त्यांना उद्धटपणा समजू नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर विनामूल्य सल्ला मिळतो. गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्यावे. प्रार्थना आणि प्राणायाम यांचा आधार जरूर द्यावा, पण उपचाराच्या जागी नव्हे, उपचारासोबत.

पाचवे काम स्वतःपासून सुरू होते. ज्या घरात आजोबा मिसरी लावतात, वडील जेवणानंतर तंबाखू मळतात आणि मुलालाच कोपऱ्यावरून पुडी आणायला पाठवितात, त्या घरात मुलाला वेपविषयी उपदेश करण्याचा अधिकार कसा उरेल? घरातील एका मोठ्या माणसाने मुलासाठी म्हणून तंबाखू सोडली, तर ते दहा व्याख्यानांहून अधिक काम करील.

शेवटचा विचार

मुलांनी नचिकेत व्हावे, ही आपली इच्छा सोडण्याचे काहीच कारण नाही. पण नचिकेत घडण्यासाठी यमासारखा आचार्यही लागतो. तो प्रलोभनाला प्रलोभन म्हणून समोर ठेवतो, काहीही लपवीत नाही, आणि शिष्य टिकला की त्याला आनंद होतो. समाज म्हणून आपण मुलांचे आचार्य आहोत. जिथे विष फळाच्या वासात लपविलेले आहे, तिथे ते उघडे करणे, आणि जिथे मुलांच्या पतनावर कोणाचा तरी व्यापार चालला आहे, तिथे तो व्यापार थांबविणे, हे आपले काम आहे. कायदा, शाळा, शेजार आणि घर यांनी ते काम केले, तर पुढची निवड मूल स्वतः करील, आणि ती खरोखर त्याची असेल.

या आठवड्याच्या सत्संगानंतर दहा मिनिटे जास्त थांबावे. जवळची शाळा कोणती, तिकडे कोण कोण जाणार आणि कधी, एवढे ठरवूनच उठावे.